एरंडेल, मुक्काम चिंचोटी नाका

चिंचोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला कामणमार्गे भिवंडीकडे जाणारा रस्ता फुटतो. त्या फाट्यावरची ट्रकांची रांग पूर्ण मोकळी झालेली क्वचितच दिसते. कोणी गुजरातेतून माल घेऊन आलेले, कोणी भिवंडीच्या गोदामांकडे वळणारे, कोणी खाडीपूल ओलांडून घोडबंदरकडे निघालेले. रांगेच्या कडेला, भरावाच्या मुरमाड मातीत, टायरवाल्याच्या टपरीमागे, गटाराच्या काठाला एक झाड हमखास उभं असतं. आठ-नऊ बोटं फुटलेली रुंद पानं, तांबूस देठ, मऊ काट्यांच्या बोंडांचे घोस. धूळ, धूर आणि सांडलेलं काळं ऑईल सोसून ते पुरुषभर वाढतं. त्याला कोणी लावलेलं नसतं, कोणी पाणी घालत नाही. एखाद्याने तोडलं तरी पुढच्या पावसात तिथेच पुन्हा उगवतं. हा एरंड. ओसाड गावी एरंड बळी, असं म्हणून आपण त्याला कायम खालच्या पंगतीला बसवलं.

मला सांगायचं आहे ते मात्र त्याच्या बोंडात बसलेल्याविषयी. एरंडाचं गुऱ्हाळ लावलं तर कांड्यातून रसाचा थेंब निघत नाही हे खरंच आहे. पण त्याची ठिपक्याठिपक्यांची चकचकीत बी घाण्यात घातली, की वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल निघतं. जाड, फिकट पिवळं, सावकाश ओघळणारं. बी विषारी असते. तिच्यात रिसिन नावाचं घातक प्रथिन असतं, आणि चुकून चावून खाल्लेली थोडी बीसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. हे विष तेलात उतरत नाही, ते चोथ्यात राहतं. म्हणून एरंडीची पेंड गुरांपुढे न ठेवता शेताला खत म्हणून घालतात. विष मागे ठेवून तेल तेवढं निर्मळ बाहेर पडतं. एरंडेलाच्या स्वभावाची ओळख इथूनच करून घ्यायला हवी.

मराठी घराने या तेलाला औषधाच्या फळीवर ठेवलं. पोट साफ व्हावं म्हणून नाक दाबून पाजलेलं एरंडेल मागच्या दोन-तीन पिढ्यांतलं कोणी विसरलेलं नाही. वाताने गुडघे धरले की भाकरीच्या पिठात एरंडेल, उन्हाळ्यात तळपाय पेटले की तळव्यांना एरंडेल, वर्षाचे तांदूळ आणि तूरडाळ भरताना किडीपासून राखायला हाताला एरंडेल. काजळ धरायचं तर दिव्यात तेच. घरात त्याला मान होता, पण हौस कोणाला नव्हती. त्याच्या वासाने मुलं पळत. आणि तरीही हे घरगुती, चिकट, म्हाताऱ्यांचं तेल एका काळी इंजिनांचं सर्वांत विश्वासू तेल होतं, ही गोष्ट आपल्या घरांत कोणी सांगितली नाही.

त्याचं बळ त्याच्या रेणूत आहे. एरंडेलात दहांपैकी जवळजवळ नऊ भाग रिसिनोलिक आम्ल असतं. इतर खाद्यतेलांतल्या आम्लांत आणि याच्यात फरक एवढाच, की याच्या लांब साखळीत बाराव्या कार्बनापाशी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची एक जोडी जादा लटकलेली असते. या जोडीमुळे एक रेणू दुसऱ्याला धरून ठेवतो, आणि तेल दाट होतं. शेंगदाण्याच्या तेलाच्या साधारण सहापट दाट. त्याच जोडीमुळे रेणू धातूच्या पृष्ठभागालाही धरून बसतो. लोखंडावर लोखंड घासत असताना मधला थर फाटू न देणं हे वंगणाचं एकमेव खरं काम, आणि एरंडेल ते रेटून करतं. दाब वाढला तरी ते जागा सोडत नाही. शिवाय आणखी एक हट्ट: ते दारूत, म्हणजे अल्कोहोलात, सहज विरघळतं, पण पेट्रोलात नीट विरघळत नाही. या हट्टाने पुढे त्याला आकाशात नेलं.

त्याआधी ते जमिनीवर राबलं. बैलगाडीच्या आसाला वंगण लावल्याशिवाय गाडीवान वेशीबाहेर पडत नसे, आणि त्या वंगणात एरंडेल असे. कोरडा आस करकरतो, तापतो, लाकूड खातो. वंगणाचा नळा गाडीला बांधलेलाच असे. मग आगगाडी आली. १८६४ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने मुंबई आणि गुजरात जोडले. हा रूळमार्ग वसईवरूनच गेला. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या रेल्वेत एरंडेल दिव्यांत जळत होतं आणि यंत्रांच्या सांध्यांनाही लागत होतं. दगडी कोळशाची वाफ, विलायती लोखंड आणि देशी एरंडेल, असा तो संसार होता. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. यंत्रयुगाची सुरुवात आपण नेहमी बाहेरून आलेली समजतो. पण यंत्र फिरतं ठेवणाऱ्या वस्तूंपैकी एक तरी आपल्या बांधावर वाढत होती, आणि तिचा गुण आपल्या गाडीवानाला इंजिनिअरच्या आधी ठाऊक होता.

पहिल्या महायुद्धात त्याने केलेलं काम तर कादंबरीत शोभावं असं आहे. तेव्हाच्या अनेक लढाऊ विमानांत रोटरी इंजिन असे. पॅरिसच्या सेगें बंधूंचं नोम, मग ल रोन, क्लेर्जे. या इंजिनांत मधला दांडा स्थिर राही आणि सिलिंडरांचं सगळं चक्रच पंख्याबरोबर गरगरे. पेट्रोलची वाफ दांड्याच्या पोकळीतून, वंगणाच्याच वाटेने आत जाई. तिथे खनिज तेल घातलं तर पेट्रोल ते धुऊन नेणार आणि धातू उघडा पडणार. एरंडेल पेट्रोलला दाद देत नसे, म्हणून तेच घालत. या इंजिनात तेल परत फिरवण्याची सोयही नव्हती. एकदा आत गेलेलं तेल जळून आणि न जळता धुराबरोबर बाहेर फेकलं जाई, तासाला कित्येक लिटर. मागे बसलेल्या वैमानिकाच्या चेहऱ्यावर, चष्म्यावर, गळ्यातल्या रेशमी रुमालावर त्याचा फवारा बसे. श्वासाबरोबर ते पोटातही जाई, आणि पोटात गेल्यावर एरंडेल काय करतं हे आपल्याला घरूनच माहीत आहे. १९१७ मध्ये हरदितसिंग मलिक हे शीख वैमानिक ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधून सॉपविथ कॅमल विमान उडवत होते. त्या कॅमलचं इंजिन याच घराण्यातलं. आपल्या देशाचा माणूस आणि आपल्या बांधावरचं तेल, दोघेही फ्रान्स-बेल्जियमच्या आकाशात एकाच यंत्रावर बसले होते. त्यांची ती भेट कोणी नोंदवल्याचं मी वाचलेलं नाही, पण माझ्या मनातून ती जात नाही.

त्याच सुमाराला एरंडेलाच्या नावावर एक मोठी पेढी उभी राहिली. लंडनच्या चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये वंगणाचा व्यवसाय सुरू केला होता. मोटारी आणि विमानं आल्यावर त्यांनी वंगणात एरंडेल मिसळलं आणि १९०९ मध्ये नवं तेल बाजारात आणलं. एरंडाच्या इंग्रजी नावावरून त्याचं नाव पडलं कॅस्ट्रॉल. १९१० पासून या पेढीचा माल हिंदुस्थानात येऊ लागला. एरंडाची बी इथून बोटीने जायची आणि तिच्याच नावाचं तेल डब्यात भरून इथे परत यायचं. आज त्या कंपनीच्या भारतीय शाखेचा एक कारखाना रायगडातल्या पाताळगंगेला आहे आणि आणखी एक, चिंचोटीवरून याच महामार्गाने उत्तरेला गेल्यावर, वापीजवळच्या सिल्वासात. डब्यांत मात्र आता बहुतेक खनिज किंवा कृत्रिम तेल असतं. शर्यतीच्या गाड्यांसाठी एरंडेलाचं जुनं तेल कंपनीने पुष्कळ वर्षं चालू ठेवलं. त्याचा गोडसर, जळका वास शर्यतीच्या मैदानात ज्यांनी घेतला, ते तो आयुष्यभर ओळखतात.

एरंडेल इंजिनातून बाहेर पडलं ते अन्यायाने नव्हे, हे आधी कबूल करायला हवं. त्याचे दोष खरे होते. सतत तापलं की ते हवेतला ऑक्सिजन धरतं आणि राळेच्या पुटासारखं घट्ट होतं. पिस्टनच्या कड्या त्यात रुततात. गाडी काही आठवडे उभी राहिली तर कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजतात. शर्यतीच्या इंजिनाला ते चालून जाई, कारण ते इंजिन दर शर्यतीनंतर खोलून साफ करत. रोज कामावर जाणाऱ्या माणसाच्या गाडीला ते परवडणारं नव्हतं. त्यातून हा गडी खनिज तेलाशी जुळवून घेत नाही. दोन्ही एकत्र ओतली तर चेंबरमध्ये गाळ होतो. पुढे खनिज तेलात गंज रोखणारी, गाळ धुणारी, झीज थांबवणारी रसायनं मिसळण्याची कला वाढली. तेल स्वस्त झालं, हजारो किलोमीटर टिकू लागलं. हिशेब साधा होता, आणि त्या हिशेबात एरंडेल हरलं.

फक्त एक रकाना त्या हिशेबात कोणी मांडला नाही: काम संपल्यावर तेल जातं कुठे?

चिंचोटीला तो रकाना डोळ्यांपुढे उघडा पडलेला असतो. महामार्गावरच्या गॅरेजांत ट्रकखाली पसरट पत्र्याचा डबा सरकवतात, नट ढिला करतात, आणि दहा-पंधरा लिटर काळं ऑईल धारेने उतरतं. यातलं बरंचसं भंगारवाला पिंपांत भरून घेऊन जातो, कारण जळक्या ऑईललाही भाव असतो. काही बांधकामावर जातं, सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून फडक्याने फासायला. वसई-विरारमध्ये गेल्या वीस-तीस वर्षांत केवढं बांधकाम झालं हे इथल्या कोणालाही विचारा. काही लाकडाला वाळवीपासून राखायला. उरलेलं डब्याच्या काठावरून, गळक्या सीलमधून, पुसायच्या चिंध्यांतून मातीत. थेंब लहान असतो, पण नाका मोठा आहे.

आणि या नाक्याच्या पूर्वेला डोंगर आहे. तुंगारेश्वरचं अभयारण्य २००३ मध्ये घोषित झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. चिंचोटीचा धबधबा याच डोंगरातून उतरतो. पावसाळ्यात तो पाहायला मुंबईहून लोंढे येतात, दुर्घटना होतात, मग प्रशासनाला बंदी घालावी लागते. आपण धबधब्याकडे पाहतो ते वरच्या बाजूला. त्याचं पाणी खाली कुठे जातं हे पाहायला कोणी थांबत नाही. ते ओढे-नाल्यांनी गावं, शेतं, गाळे आणि महामार्ग ओलांडून खाडीच्या दिशेने निघतं. वाटेत त्याला जे सांडलेलं मिळेल ते बरोबर घेतं. खाडीत कोळंबी आहे, निवटी आहे, खाडीच्या तोंडाशी कोळीवाडे आहेत, मिठागरं आहेत. एका गाडीच्या एका वेळच्या बदललेल्या ऑईलने दहा लाख गॅलन गोडं पाणी नासू शकतं, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था लोकांना अनेक वर्षं सांगत आली आहे. जळक्या ऑईलमध्ये नुसतं तेल नसतं. इंजिनात झिजलेल्या धातूंचे कण, काजळी, अर्धवट जळलेल्या इंधनातली कर्करोगकारक संयुगं, सगळं त्यात साठलेलं असतं. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. कायदा चांगला आहे. तो गॅरेजच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत पोचायला हवा.

इथे एरंडेलाचा दुसरा गुण कामाला येतो. तो गुण त्याच्या जुन्या दोषाचाच सख्खा भाऊ आहे. ऑक्सिजनपुढे त्याचा रेणू टिकत नाही, तसा मातीतल्या जिवाणूंपुढेही टिकत नाही. वनस्पती तेल हे त्यांना ओळखीचं अन्न. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका कसोटीत पदार्थ पाण्यात जिवाणूंबरोबर २८ दिवस ठेवतात, आणि तेवढ्यात तो ६० टक्के कुजला तर त्याला सहज विघटनशील म्हणतात. वनस्पती तेलं ही कसोटी सहसा आरामात पार करतात. खनिज तेल बहुधा मागे राहतं, त्याचा मोठा भाग महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जो टिकत नाही म्हणून बाद झाला, त्याचं न टिकणंच आज हवंसं झालं आहे. सगळीकडे नव्हे, पण काही नेमक्या जागी.

त्या जागा कोणत्या, हे युरोपने आपल्याआधी ओळखलं. झाड कापायच्या साखळी-करवतीचं तेल साखळीवरून थेट जंगलात उडतं, परत येतच नाही. ऑस्ट्रियाने १९९२ मध्ये अशा करवतीत न कुजणारं तेल वापरायला बंदी केली. होड्यांची टू-स्ट्रोक इंजिनं जळालेलं-न जळालेलं तेल सरळ तळ्याच्या पाण्यात सोडतात, म्हणून तिथे विघटनशील टू-स्ट्रोक तेलाची मानकं झाली. अमेरिकेने २०१३ च्या परवाना नियमांत मोठ्या जहाजांचं जे वंगण समुद्राच्या पाण्याला लागतं, ते पर्यावरणाला सोसेल असंच असावं असं घातलं. या सगळ्यांमागे विचार एकच: जे तेल गोळा करून परत आणता येत नाही, ते तरी कुजणारं असू द्या. मला हा विचार पूर्ण पटतो. मोटारीच्या चेंबरमधलं तेल नीट वागलं तर परत मिळतं. साखळीवरचं, तारदोरावरचं, होडीच्या टू-स्ट्रोकमधलं, सेंट्रिंगच्या फळीवरचं तेल कधीच परत मिळत नाही. एरंडेलाने परत यायचं तर आधी तिथे यावं.

आपल्याकडे या वाटेवर पाऊल पडलेलं आहे. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत एरंडेलापासून टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण तयार झालं. ए. के. सिंग यांनी २०११ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पेट्रोलात केवळ एक टक्का तेल घालून चालवलेल्या इंजिनाचा धूर निम्म्याहून जास्त घटल्याचं त्यात नोंदलं आहे. ज्यांनी बजाज चेतक किंवा यामाहा आरएक्स १०० चालवली आहे, पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑईल मोजून घेतलं आहे आणि मागच्या निळ्या धुरात खोकणारा माणूस आरशात पाहिला आहे, त्यांना या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. रस्त्यावरून ती वाहनं जवळजवळ गेली. पण होड्यांची इंजिनं, फवारणी यंत्रं, गवत कापायची यंत्रं, करवती अजून आहेत, आणि ती चालतात ती नेमकी पाणी, माती आणि झाडं यांच्या अंगाला अंग लावून.

मोटारीच्या चेंबरचं काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात असणारच. घाण्यावरचं एरंडेल आजच्या इंजिनात ओतू नये, हे निःसंदिग्ध सांगतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहाची वाहनं आली. त्यांच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेला तेलातली राख आणि गंधक यांचं माप ठरलेलं असतं. चुकीच्या तेलाने हजारोंचा भाग बिघडतो. वनस्पती तेलाला इंजिनात परत आणायचं तर त्याची प्रकृती आधी बदलावी लागते. एरंडेलाच्या त्या जादा जोडीला दुसऱ्या आम्लाचा रेणू जोडून देता येतो. अशा जोडरेणूंना एस्टोलाइड म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया इथल्या प्रयोगशाळेने त्यावर अनेक वर्षं काम केलं, आणि त्यातून मोटारीच्या इंजिनात चालणारी तेलं बनली. म्हणजे वाट आहे. ती अजून महाग आहे आणि आपल्या नाक्यावरच्या दुकानात पोचलेली नाही.

पण हा गडी चिंचोटीवरून पूर्ण गेलेला नाही, आणि त्याच्या चरित्रातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही ट्रकच्या चाकाचा हब खोला. आतल्या बेअरिंगमध्ये ग्रीस दिसेल. जगात वापरल्या जाणाऱ्या ग्रीसपैकी निम्म्याहून अधिक ग्रीस लिथियमचं असतं, आणि ते घट्ट करण्यासाठी लागणारं मुख्य आम्ल एरंडेलात हायड्रोजन घालून काढतात. ती बाराव्या कार्बनाची जोडी तिथेही तशीच असते. तिच्यामुळेच ग्रीस तापलं तरी वितळून वाहून जात नाही. ट्रकच्या एअर ब्रेकच्या आणि डिझेलच्या नळ्यांत वापरलं जाणारं नायलॉन-११ हेही एरंडेलातूनच येतं. विमानाच्या बाबतीत तर त्याने एकदा गमावलेली जागा परत मिळवली. रोटरी इंजिन गेलं, जेट आलं, आणि पहिल्या पिढीच्या जेट इंजिनांसाठी जी कृत्रिम वंगणं झाली त्यांतली कित्येक सेबॅसिक आम्लापासून बनवलेली होती. ते आम्लही एरंडेलाचंच. नाव गेलं, वास गेला, रंग गेला, पण काम चालूच राहिलं. आसाला वंगण लावणारा गाडीवान आज चिंचोटीला आला, तर त्याला ट्रकच्या हबमध्ये आपलंच वंगण आहे हे ओळखू येणार नाही. तरी आहे ते त्याचंच.

जगातला बहुतेक एरंड आज भारतात पिकतो, आणि भारतातला बहुतेक गुजरातेत, बनासकांठा, मेहसाणा, पाटण, कच्छ या कोरड्या पट्ट्यात. कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येणारं हे पीक माणसाच्या ताटातलं काही काढून घेत नाही. वनस्पतीजन्य म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच तेलांबद्दल असं म्हणता येत नाही. पाम तेलासाठी इंडोनेशिया-मलेशियात किती जंगल साफ झालं हे जगाला ठाऊक आहे. म्हणून डब्यावर हिरवं पान छापलेलं पाहून भुलू नये. तेल कोणत्या झाडाचं, कोणत्या जमिनीतलं, हे विचारावं. एरंडाच्या बाबतीतही पेंड हाताळणाऱ्या कामगारांना होणारी ॲलर्जी आणि बीचं विष यांकडे डोळेझाक करू नये. गुणी माणसाच्या घरातही त्रास असतात, ते सांगूनच त्याची ओळख करून द्यावी.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर करायला हवा. विघटनशील तेल म्हणजे गटारात ओतायला परवानगी नव्हे. इंजिनात फिरून आलेलं कोणतंही तेल, मग ते एरंडाचं असो की आखाती देशांतल्या खडकातलं, धातू आणि काजळी घेऊनच बाहेर पडतं. जिवाणू तेल खातील, शिसं आणि जस्त खाणार नाहीत. तेलाचा कुजण्याचा गुण अपघाताने सांडलेल्या थेंबासाठी आहे, मुद्दाम ओतलेल्या डब्यासाठी नाही.

वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली, पालघर जिल्हा २०१४ मध्ये. महामार्ग, रेल्वे, बांधकाम, खाडी आणि अभयारण्य असं सगळं एकाच चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेल्या या भागाला विघटनशील वंगणाची गरज देशातल्या पुष्कळ शहरांपेक्षा अधिक आहे. सुरुवातीला मोठी योजना लागणार नाही. बांधकामाच्या परवान्यात सेंट्रिंगला जळकं ऑईल फासायची मनाई घालून वनस्पतीजन्य साचातेलाची अट घालता येईल. उद्यानं आणि झाडं छाटणाऱ्या खात्याने स्वतःच्या करवतींत विघटनशील तेल वापरून दाखवावं. मच्छीमार सोसायट्या डिझेलबरोबर ते ठेवू शकतात. महामार्गावरच्या गॅरेजांकडून महिन्याला किती जळकं ऑईल निघालं आणि कोणाकडे गेलं याची वही मागायला एक कारकून पुरेसा आहे.

आणि तुम्ही गाडीवाले असाल तर पुढच्या वेळी ऑईल बदलताना दोन मिनिटं मिस्त्रीपाशी उभे राहा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचंच तेल घाला. उतरवलेलं जुनं तेल कुठे जाणार आहे हे विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ते झाकणबंद कॅनमध्ये भरून घ्या आणि जिथून ते नोंदणीकृत संकलकाकडे जातं अशाच ठिकाणी पोचतं करा.